जुन्या संगणकाचं नवं बिऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या बाहेरच्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लागून एक संगणक आहे. 2015 सालच्या गणपतीत घेतलेला. इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम, आणि मॉनिटरवर मी क्रोशाने विणलेलं झाकण. याच संगणकावर मी दहा वर्षं मराठी टंकलेखन आणि मुद्रितशोधन करते आहे. दिवाळी अंकांचा हंगाम आला की रात्री दोन-दोनपर्यंत त्याचा पंखा घरघरत असतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. म्हणजे दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडला असं नव्हे. तो चालतो, पण सुरक्षेची नवी ठिगळं त्याला मिळत नाहीत. एक वर्षाची मुदतवाढ घेता येत होती, पण पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला असता. विंडोज 11 वर जावं, तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. आमचा चौथीतला, त्याला आठवीच्या वर्गात कोण बसवून घेणार?

दुरुस्तीवाला म्हणाला, “वहिनी, याचं आता काही होत नाही, नवीन घेऊन टाका.” दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता, त्याने कॅबिनेट उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाला, “मामी, घराला काय झालंय? भिंती धड आहेत. भाडेकरू बदला.”

त्याने सुचवलेला भाडेकरू म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणाली. तिचा एक प्रकार लिनक्स मिंट, आणि त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. मिंटला किमान 2 जीबी रॅम लागते, 4 असली तर बरं. पण त्याला हात लावू देण्याआधी मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून काढलं, की या संगणकावर कोण काय करतं. तुम्हीही हेच आधी करा. लिनक्स चांगलं की वाईट यावर तासन्‌तास वाद घालणारी माणसं भेटतात, आणि त्यातल्या एकालाही तुमच्या घरी कोण काय करतं हे ठाऊक नसतं. आमची यादी अशी निघाली: माझं मराठीचं काम. यांच्या सोसायटीचा हिशेब, बँक आणि वीजबिल. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, पत्त्यांचा खेळ. आणि छपाई.

बँक आणि वीजबिल ब्राउझरमध्येच चालतं, तिथे काही बदलायचं नव्हतं. सोसायटीची एक्सेलची फाइल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या ऑफिसच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली, बेरजा जुळल्या. मात्र मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लिहिलेल्या मोठ्या फायली असतील तर आधी उघडून बघा. आणि ज्यांचं पोट टॅलीवर किंवा टेंडर भरायच्या डिजिटल सहीच्या डोंगलवर आहे, त्यांनी भाच्याच्या उत्साहाला बळी पडू नये, त्या मशीनवर विंडोजच राहू द्यावं.

पेनड्राइव्हची गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐका. लिनक्स न बसवताही चालवून बघता येतं. जवळपास 3 जीबीची एक फाइल उतरवायची आणि रुफससारख्या छोट्या प्रोग्रॅमने ती 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही, हे मी करून बघितलंय. मग संगणक कुठून सुरू व्हायचा ते निवडायला, तो सुरू होताना आमच्याकडे एफ 12 दाबावं लागतं, तुमच्याकडे कदाचित एस्केप किंवा दुसरंच काही. दोन दिवस आम्ही भाडेकरूला असं पाहुणा म्हणून ठेवलं. वायफाय लागलं, आवाज आला, यूट्यूबवर कीर्तन झालं.

मग भाच्याने 256 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान नवी डिस्क, आणून बसवली. बसवताना जुन्या हार्डडिस्कची वायर त्याने चक्क काढून ठेवली. म्हणाला, “चुकून पुसायला समोर डिस्कच नको.” मला हे फार आवडलं. दहा वर्षांचं काम त्या डिस्कवर होतं. अर्थात त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर मी आधीच घेतली होती. संगणक आता अर्ध्या मिनिटात उघडतो, आणि भाचा सगळं श्रेय लिनक्सला देतो. माझ्या मते त्यातलं अर्धं एसएसडीचं आहे.

आता माझं काम. माझ्या जुन्या फायली जुन्या फॉन्टमधल्या. त्या काळी ‘क’ दिसायला ‘क’ असला तरी संगणकाच्या लेखी तो कुठलातरी इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असायचा, वरून देवनागरीचं सोंग घेतलेला. सोंग उतरलं की पडद्यावर कचरा. लिनक्सवर पहिली फाइल उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण दोष लिनक्सचा नव्हता, तीच फाइल त्या फॉन्टशिवाय विंडोजवरही तशीच दिसली असती. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक, त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. या युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 1991 ची. त्याच वर्षी 25 ऑगस्टला हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं होतं, की आपण हौसेखातर एक प्रणाली लिहितोय, फार मोठं काही नाही. तीच पुढे लिनक्स झाली. भारतीय लिप्या टंकायचा आपला इनस्क्रिप्ट कळफलकही त्याच 1991 च्या भारतीय मानकात आहे. माझी गाडी तिथे पोचायला चौतीस वर्षं लागली, एवढंच.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. माझ्या एका लेखात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ होत्या, त्यांचा ‘दर्या’ झाला. डोंगराच्या जागी समुद्र! दुसरीकडे लग्नघरी ‘आचाऱ्यांना’ बोलावलं होतं, तिथे ‘आचार्यांना’ बोलावणं गेलं. ‘बिऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ सगळ्यांची तीच गत. ‘दऱ्या’तला हा आडवा र मराठीला हवाच, आणि रूपांतरात तोच पहिला बळी जातो.

इनस्क्रिप्टवर तो असा येतो: शिफ्टसह इंग्रजी जे, मग पाय मोडायला डी, मग पुढचं अक्षर. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की बस्स, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सुरुवातीला माझा वेग निम्म्यावर आला. ज्या बोटांना ‘ळ’ कुठे आहे ते न बघता कळायचं, ती बोटं चाचपडायला लागली. तिसऱ्या आठवड्यात एकदा फोनवर बोलता बोलता मी ‘कळवळा’ लिहून गेले, तेव्हा म्हटलं, जमलं.

अण्णांचे पत्ते दुसऱ्या दिवशी सापडले. “राजाचं तोंड वेगळं आहे,” एवढीच त्यांची तक्रार.

अडलं ते प्रिंटरपाशी. आमचा जुना लेझर प्रिंटर कागद ओढून घेतो, दिवा लुकलुकवतो आणि गप्प बसतो. भाच्याने दोन संध्याकाळी खर्ची घातल्या. गंमत म्हणजे लिनक्ससारख्या, मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही एक प्रिंटरच होता. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना कागद अडकणाऱ्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती, पण तो मूळ प्रोग्रॅमच त्यांना दिला गेला नाही. पुढे 1983 मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. हे ऐकून आमचे हे म्हणाले, “चाळीस वर्षं झाली तरी प्रिंटर तो प्रिंटरच.” तुम्ही प्रिंटर नवीन घेणार असाल तर तो लिनक्सवर चालतो का, हे आधी बघा. घरातला असेल तर पेनड्राइव्हवरच्या त्या दोन दिवसांत एक पान छापून बघा. आम्ही कीर्तन ऐकलं, पान छापलं नाही.

म्हणून जुनी डिस्क परत जोडली. छपाईपुरतं एफ 12 दाबून विंडोजमध्ये जायचं, आणि त्या बाजूला इंटरनेट लावायचं नाही, असा घरचा नियम. पहिल्याच वेळी अण्णा ओरडले, “अगं, घड्याळ बिघडलं!” दुपारचे साडेतीन वाजले होते आणि पडद्यावर सकाळचे दहा. झालं असं, की संगणकातल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ भरून ठेवतं, आणि विंडोज ती आपलीच समजून वाचतं. मध्ये साडेपाच तास पडतात. एका ओळीच्या आज्ञेने हे सुधारतं, भाच्याने फोनवर ती सांगितलीही.

मी लिहायला बसले, तर अण्णांनी हात धरला. “राहू दे तसंच. घड्याळ चुकीचं दिसलं की मला कळतं, मी जुन्या घरात आलोय. प्रिंट काढायची आणि निघायचं.”