पुस्तकात राहून गेलेलं कलम

९ एप्रिल २०२४ला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: १८६४चा गर्भपातबंदीचा कायदा आजही लागू करता येतो. गर्भपात करणाऱ्याला दोन ते पाच वर्षं कैद. आईचा जीव वाचवायचा असेल तेवढीच सूट, बलात्कार झालेल्या मुलीलाही नाही. १८६४ला तिथं यादवी युद्ध चालू होतं, बायकांना मत नव्हतं. ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला तोच मुळी १९१२ला. हा कायदा ज्या संहितेतला, ती हॉवेल नावाच्या न्यायाधीशानं लिहिली होती; तिच्यात हा गुन्हा विषप्रयोगाच्याच कलमात घातलेला होता.

निकालानंतर लोक न्यायमूर्तींवर तुटून पडले. मला विचाराल तर खरा जाब आमदारांना विचारायला हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ला गर्भपाताचा हक्क मान्य केला, त्या ‘रो’ निकालामुळे हा कायदा थांबला, पण पुस्तकातून कुणी काढला नाही. उलट मार्च २०२२मध्ये पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालताना आमदारांनी त्यातच लिहून ठेवलं, की जुना कायदा यानं रद्द होत नाही. ‘रो’ उभा होता तोवर अशी कडक भाषा फुकटात पडत होती. तीन महिन्यांत ‘रो’ कोसळला.

मग धांदल पाहावी! २०२२मध्ये याच कायद्याची वाहवा करणाऱ्या रिपब्लिकन नेत्या कॅरी लेक अमेरिकेच्या सिनेटच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि त्याच्या विरोधात बोलू लागल्या. न्यायालयानं अती केलं, असं खुद्द ट्रम्प म्हणाले. जुना कायदा रद्द करण्याचं विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये १६ विरुद्ध १४नं निघालं, तेही दोन रिपब्लिकन फुटले म्हणून. त्यातल्या एक शॉना बोलिक; निकाल देणाऱ्या चौघांतले एक न्यायमूर्ती त्यांचे यजमान! २ मेला गव्हर्नर हॉब्ज यांनी सही केली. नोव्हेंबरात मतदारांनी गर्भपाताचा हक्क थेट राज्यघटनेतच लिहून टाकला.

आपण हसू नये. गर्भपाताला गुन्हा ठरवणारं आपलं भारतीय दंड संहितेचं ३१२वं कलम १८६०चं, म्हणजे हॉवेलपेक्षा चार वर्षांनी थोरलं. शिवाय ते खुद्द त्या बाईलाही गुन्हेगार धरतं. १९७१च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यानं ते पुसलं नाही. ठरावीक परिस्थितीत डॉक्टरला त्यातून सूट दिली. म्हणून आपल्याकडे बाईची इच्छा पुरत नाही, डॉक्टरचं मत लागतं: वीस आठवड्यांपर्यंत एकाचं, आणि काही ठरावीक स्त्रियांना चोवीसपर्यंत दोघांचं. बाविसाव्या आठवड्यात आलेली मुलगी त्या ठरावीक गटात बसते की नाही, हे ठरवताना डॉक्टरच्या डोक्यात ते कलम असतंच.

१ जुलै २०२४ला दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. ३१२चं झालं ८८. इंग्रजांचे कायदे घालवले म्हणून केवढा गाजावाजा झाला. हे कलम मात्र नव्या पुस्तकातही आहे. डिसेंबर २०२३मध्ये संसदेनं ते संमत केलं, तेव्हा विरोधी बाकांवरचे शंभरावर खासदार निलंबित होते.