स्ट्रेस मॉडेलमध्ये घालताय? लॅम्डा नको, त्याचा उतार घाला!

राम राम मंडळी. जळगावात दुपारचे तीन वाजलेत, पंखा बंद आहे कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. घाम दिसला तर चालवून घ्या.

हिस्टेरिसिसच्या, म्हणजे चुंबकत्व क्षेत्राच्या मागे रेंगाळतं त्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच धोशा, ‘दादा, यात स्ट्रेस कुठे घालायचा?’ एकाने लिहिलंय, ‘भाऊ, अहिराणीमा सांग ना.’ सांगतो की! आधी मॅग्नेटोस्ट्रिक्शनला अहिराणीत काय म्हणायचं ते तू कळव.

बेसिक पटकन उरकतो. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे मॅग्नेटोस्ट्रिक्शन जूलने १८४२ मध्ये दाखवलं. लांबीतला बदल भागिले मूळ लांबी म्हणजे लॅम्डा. डीपीची गूं-गूं मुख्यतः त्यातूनच येते: वीज ५० हर्ट्झची, आवाज १०० हर्ट्झचा. उलट बाजूने, ताण (म्हणजेच स्ट्रेस) दिला की चुंबकत्व बदलतं. तो व्हिलारी परिणाम, १८६५. झालं.

आता जाइल्स-आथर्टन मॉडेल, म्हणजे हिस्टेरिसिसचा लूप (क्षेत्र-चुंबकत्वाचा बंद वक्र) काढायची समीकरणं. त्यात ताण म्हणजे एक जास्तीचं क्षेत्र धरायचं, आणि ते एचमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात मिळवायचं. किती? दीड गुणिले सिग्मा (ताण), भागिले म्यू नॉट (निर्वाताची पारगम्यता, एक स्थिरांक), गुणिले लॅम्डाचा एमच्या (चुंबकत्वाच्या) सापेक्ष उतार. उतार! नुसता लॅम्डा नाही. दर आठवड्याला कोणीतरी नुसता लॅम्डा घालून कोड पाठवतं आणि वर विचारतं, ‘दादा, लूप वाकडा का येतो?’

मीही तेच केलं होतं. एम.टेक.ला असताना माझा लूप एका बाजूला सरकलेला यायचा, उजवीकडचं टोक एका उंचीला, डावीकडचं भलत्याच. तीन दिवस मी सॉल्व्हरला शिव्या घातल्या. अहो, एम धन असो की ऋण, लॅम्डा तोच राहतो. म्हणजे दोन्ही बाजूंना ढकलणारं क्षेत्र एकाच दिशेचं! लूप सरकणार नाही तर काय होणार? उतार मात्र एमबरोबर चिन्ह बदलतो, म्हणून लूप सरळ राहतो.

पटत नसेल तर युनिट लावून बघा. लॅम्डाला युनिटच नाही. एमने भागल्याशिवाय उत्तर अँपिअर प्रति मीटरमध्ये येतच नाही. एका कागदावर दोन मिनिटांचं काम, पण आमची पोरं आधी पायथन उघडतात.

आणि अजूनही कोणी अडून बसलं असेल तर लोखंडाचाच वक्र बघा. क्षेत्र वाढवत नेलं की लॅम्डा आधी वर चढतो, मग माथ्यावरून खाली येतो. ताणाचा परिणाम पलटतो कुठे? लॅम्डा शून्य होतो तिथे नाही, माथ्यावर! तिथे लॅम्डा सगळ्यात मोठा, पण उतार शून्य. त्याआधी ताणलं तर चुंबकत्व वाढतं, त्यानंतर घटतं. ‘लोखंड ओढलं की चुंबकत्व वाढतं’ असं छातीठोक कमेंट करणाऱ्यांनी हा भाग दोनदा बघावा. निकेलचं तर सुरुवातीपासूनच उलट, ते क्षेत्रात आखडतं.

कमी क्षेत्रात लॅम्डा म्हणजे बी (इथे नुसता एक स्थिरांक) गुणिले एमचा वर्ग एवढं धरलं तरी भागतं. मग जास्तीचं क्षेत्र येतं तीन बी सिग्मा एम भागिले म्यू नॉट. बी २ × १०⁻¹⁸, ताण ५० मेगापास्कल, एम ५ लाख अँपिअर प्रति मीटर घ्या: साधारण १२० अँपिअर प्रति मीटर. आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या तिपटीहून जास्त!

राहिलं सिग्माचं चिन्ह. ओढ धन, दाब ऋण. माझ्या मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, केळीच्या बागांवरच्या मोटारी येतात. एकदा स्टेटर घट्ट बॉडीत प्रेसने ठोकून बसवला आणि मोटार नो-लोडलाच जास्त करंट घ्यायला लागली. मामा म्हणाला, ‘बॉडीनं कोअर आवळली.’ मी लॅपटॉप उघडला, मायनस विसरलो आणि सांगितलं, ‘मामा, आवळल्यावर कोअर सुधारते.’ मामाने क्लॅम्प मीटर माझ्या हातात दिला आणि चहा सांगायला गेला.