हिवाळ्यातला राप

(दृश्य: बर्फाने झाकलेलं पार्किंग. दुकानांची रांग. एका काचेमागे जांभळट उजेड.)

जानेवारी महिना. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एखादं गाव. ओहायोतलं म्हणा, आयोवातलं म्हणा. संध्याकाळचे पाच वाजलेत आणि अंधार पडायला लागलाय. रस्त्याकडेच्या दुकानांमध्ये पिझ्झावाला आहे, कपडे धुण्याचं दुकान आहे, आणि मध्येच एका काचेमागून निळा-जांभळा उजेड बाहेर येतोय. आत छोट्या छोट्या खोल्या. प्रत्येक खोलीत माणूसभर लांबीची, झाकणाची पेटी. खालीही ट्यूबलाइटसारखे दिवे, वरच्या झाकणातही तेच. डोळ्यांवर छोटा चष्मा लावायचा, कपडे काढून आडवं व्हायचं, झाकण ओढून घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटं.

याला तिकडे इनडोअर टॅनिंग म्हणतात. पैसे मोजून रापणं.

रापलेली कातडी आपण ओळखतो ती शेतावरच्या माणसाची, होडीवरच्या माणसाची. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील’ हे ऐकत मोठ्या झालेल्या मराठी मुलीला हा प्रकार पहिल्यांदा खरासुद्धा वाटत नाही. पण गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात आठवा. तिथेही आणि इथेही सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हेच पटवलेलं असतं की तुझा आहे तो रंग बरोबर नाही.

(दृश्य: एका घराचं दार. प्रश्नावली घेऊन आलेली बाई.)

देशात किती लोक असं करतात, हे अमेरिकेचं सरकार विचारतं. राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाचे लोक प्रौढांना प्रश्न करतात: गेल्या बारा महिन्यांत टॅनिंगची पेटी किंवा दिवा किती वेळा वापरलात? सोबत सूचना असते, की फवाऱ्याने अंगावर मारलेला रंग यात धरायचा नाही. कारण मोजायचेत ते अतिनील किरण.

२०१० मध्ये उत्तर आलं ५.६ टक्के.

आकडा किरकोळ वाटतो. शंभरातले पाच-सहा जण. पण अमेरिकेतल्या प्रौढांची संख्या लक्षात घेतली, तर ही सव्वा कोटीहून जास्त माणसं झाली. आणि ती देशभर सारखी विखुरलेली नाहीत. सरासरी काढताना त्यात म्हातारे येतात, पुरुष येतात, जन्मतःच सावळे-काळे असलेले लोक येतात. त्यांना बाजूला करून फक्त १८ ते २१ वयाच्या गोऱ्या मुली घ्या: ३१.८ टक्के. त्यातून मिडवेस्टमधल्या मुली घ्या: ४४ टक्के. म्हणजे त्या बर्फाच्या गावात कॉलेजच्या वर्गात दहा मुली बसल्या असतील, तर त्यातल्या चौघी वर्षभरात त्या पेटीत जाऊन आलेल्या. त्याही एकदा-दोनदा नाही. या वयाच्या ज्या मुली टॅनिंग करत होत्या, त्या वर्षाला सरासरी २८ वेळा करत होत्या.

शाळकरी मुलांचं सर्वेक्षण वेगळं असतं. त्यात २००९ मध्ये, नववी ते बारावीच्या गोऱ्या मुलींमध्ये हा आकडा ३७.४ टक्के निघाला. शाळेच्या गणवेशातल्या आपल्या मुली डोळ्यांसमोर आणा. त्याच वयाच्या या.

(दृश्य: सलूनची पाटी, विद्यार्थ्यांच्या वसाहतीतला व्यायामकक्ष.)

इतक्या सहज हे कसं घडतं? कारण पेटी हाताशी असते. अमेरिकेतल्या ११६ मोठ्या शहरांची मोजणी झाली, तेव्हा दर शहरात सरासरी ४२ टॅनिंग सलून सापडली. मॅकडोनाल्डची दुकानं ३०, स्टारबक्सची १९. पुढे २०१४ मध्ये देशातली नावाजलेली १२५ विद्यापीठं तपासली गेली. त्यातल्या ४८ टक्के ठिकाणी विद्यापीठाच्या आवारात किंवा विद्यार्थी भाड्याने राहतात त्या इमारतींमध्ये टॅनिंगची सोय होती. आणि अशा बहुतेक इमारतींमध्ये ती भाडेकरूंना फुकट होती! पोहण्याचा तलाव, जिम आणि टॅनिंग, एका दमात सांगितल्या जाणाऱ्या सुखसोयी. मुलीला दूर शिकायला पाठवणाऱ्या कुठल्या आईबापांनी भाडेकरारात हे वाचलं असेल?

आणि सांगितलं काय जात होतं? २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीतल्या कर्मचाऱ्यांनी देशभरच्या ३०० सलूनना फोन केले. गोऱ्यापान, कोवळ्या वयाच्या मुली असल्याचं भासवून विचारलं, यात तब्येतीला काही धोका आहे का? दहातल्या नऊ सलूननी सांगितलं, नाही.

हे फोन झाले तेव्हा जगाला उत्तर ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ च्या जुलैमध्येच टॅनिंगच्या पेट्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग नक्की करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकल्या होत्या. तंबाखू ज्या गटात आहे, त्याच गटात.

(दृश्य: कातडीचा मोठा करून दाखवलेला छेद.)

शरीरात काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. अतिनील किरण कातडीच्या पेशीत शिरतात आणि तिच्या डीएनएला इजा करतात. इजा झाली की कातडी मेलॅनिन बनवते, आतल्या पेशींवर छत्री धरावी तसं. तो काळसर रंग म्हणजेच राप. त्यामुळे ‘आधी पेटीत थोडं रापून घेतलं की समुद्रकिनारी त्रास होत नाही’ या सल्ल्यात, इजेपासून वाचण्यासाठी आधी इजा करून घ्यायची असते. शक्तिशाली पेट्यांमधले यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण भर दुपारच्या सूर्यापेक्षा दहा ते पंधरा पटींनी तीव्र असू शकतात. पस्तिशीच्या आत टॅनिंग सुरू करणाऱ्यांमध्ये मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या सर्वांत घातक कर्करोगाचा, धोका ५९ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

मग आकडा हलला. १ जुलै २०१० पासून टॅनिंगवर दहा टक्के केंद्रीय कर लागला. २०१२ उजाडताच कॅलिफोर्नियाने अठराच्या आतल्या सगळ्यांना बंदी केली, आणि एकेक राज्य त्या वाटेने गेलं. २०१४ मध्ये पेटीवर ठळक इशारा सक्तीचा झाला. शाळकरी मुलांमध्ये २००९ साली १५.६ टक्के असलेलं प्रमाण २०१५ मध्ये ७.३ वर आलं. गोऱ्या मुलींमध्ये ३७.४ वरून १५.२. सहा वर्षांत निम्म्याहून खाली. ब्राझीलने २००९ मध्ये आणि पुढे ऑस्ट्रेलियाने धंद्याच्या पेट्याच बंद केल्या. अमेरिकेने तेवढं केलं नाही. तिने ते करायला हवं होतं असं मला वाटतं. तरीही ही घसरण खरी आहे, आणि तिच्यामागे माणसांचे कष्ट आहेत.

(दृश्य: आरसा. पाठमोरी उभी बाई, हातात दुसरा छोटा आरसा.)

मेलॅनोमाला मात्र वर्षं लागतात. २००९ मध्ये शाळेतल्या त्या सर्वेक्षणात ‘हो’ लिहिलेल्या मुली आज तिशीत आहेत. त्यातल्या बऱ्याचजणींनी टॅनिंग कधीच सोडलंय. आता त्वचेच्या डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्या आपल्या अंगावरचे तीळ बघतात. कडा वेडीवाकडी झालीय का, रंग एकसारखा आहे का, मागच्या वेळेपेक्षा मोठा झालाय का. पाठीवरचा तीळ आपला आपल्याला दिसत नाही. त्यासाठी दोन आरसे लागतात, किंवा घरातलं कुणीतरी.