बाई, साहेब कुठं आहेत?

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आत्ता माझी ओळख ‘माजी सैनिकाच्या घरातल्या’ अशी करून दिली. घरातली नव्हे हो, माजी सैनिक मीच! हसा, हसा. सूत्रसंचालकांना बोल लावू नका, आपला जिल्हाच तसा. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जण कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथं निघाली, आणि तिथं मुलींना प्रवेश मिळायला २०२१ उजाडलं. त्यामुळं फौजी म्हटलं की आपल्याला आधी मिशी दिसते. गावाकडं निवृत्त शिपायालाही ‘मेजर’ म्हणतात. मी कागदोपत्री मेजर, आणि मला हाक मारतात ‘सिस्टर’! मिलिटरी नर्सिंग १९२६ पासून रीतसर चालू आहे, तरी बायका फौजेत काल आल्या अशीच समजूत.

निवृत्तीनंतर एका कार्यालयात कागद करायला गेले. खिडकीतला मुलगा म्हणाला, “बाई, साहेब कुठं आहेत? त्यांची सही लागंल.” म्हटलं, सही माझीच. तो एकदम हळवा झाला. “म्हणजे... साहेब कधी गेले?” म्हटलं, गेले नाहीत, घरी भूगोलाचे पेपर तपासतायत. त्यानं आत जाऊन दोन अर्ज आणले. एक विधवेचा, एक अवलंबित मुलीचा. “यातला कुठला बसतोय बघा.” माझ्या मागं रांगेत कोरेगावकडचे एक सुभेदार होते. ते गरजले, “अरे, मॅडम ऑफिसर आहेत, उभा राहा!” पोरगं ताडकन उभं राहिलं. तिसरा अर्ज काही निघाला नाही. शेवटी छापलेलं ‘श्री.’ खोडून वर पेनानं ‘सौ.’ लिहिलं. मग तेच सुभेदार मायेनं म्हणतात, “मॅडम, तुमचं बरं होतं. हॉस्पिटलात ड्युटी, गोळी नाही का काही नाही.”

गोळी नव्हती, खरंय. गोळी लागलेले सगळे आमच्याकडं यायचे. पाय काढलेला विशीतला पोरगा रात्री दोनला हाक मारतो, “सिस्टर, बूट चावतोय.” तिथं ना बूट, ना पाय. आपण मात्र चादर नीट करायची आणि ‘सैल केला हं’ म्हणायचं. घरी आल्यावरही मला दोनला जाग यायची. उठून एकेकाचा श्वास ऐकायचा, गॅस बघायचा, कडी बघायची. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, आमची सून रात्रीसुद्धा दक्ष! पुरुष असा फिरला असता तर दुसऱ्या दिवशी देवऋषी आला असता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. विषय ‘मानसिक आरोग्य आणि दैनंदिन जीवन’ होता, नाही का? पळत सांगते.

बाईचा आजार घरकामात लपतो. भाकरी वेळेवर झाली, पोरांचे डबे गेले, म्हणजे बाई ठीक. जागतिक आरोग्य संघटनेची ‘व्होडास’ नावाची प्रश्नावली आहे. गेल्या ३० दिवसांत लक्ष लागणं, चालणं-फिरणं, स्वतःची निगा, माणसांत वावरणं, घरचं-बाहेरचं काम, समाजात मिसळणं, यात किती अडचण आली ते ती विचारते. काम झालं का एवढ्यावर थांबत नाही. मला हवाय तो हाच प्रश्न. तीन तास रडून केलेली भाकरीही गोलच होते.

दुसरं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात सेवेतल्या लैंगिक छळाबद्दल प्रत्येकाला विचारतात. तिथं साधारण तीनातली एक बाई ‘हो’ म्हणते. मला इथं कुठल्याही तपासणीत हा प्रश्न कुणी विचारला नाही.

तिसरं. १९९२ पासून लष्कराच्या इतर शाखांत आलेल्या कितीतरी जणी शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचीच नोकरी, करून ऐन चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनशिवाय घरी आल्या. पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, न्यायालयाचा निकाल २०२० चा. मिलिटरी पोलिसांत शिपाई म्हणून ८३ मुलींची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली. अशा मुली उद्या गावात परत येतील, तेव्हा पंधरा ऑगस्टला त्यांना वीरपत्नींच्या रांगेत बसवू नका. आणि त्यांच्या घरच्यांना झोपेबद्दल विचारा, स्वयंपाकाबद्दल नको.

टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. लिहून घ्या, मी थांबते. झालं? आता मागच्या वहिनींना माइक द्या, मघापासून हात वर करून बसल्यात.