यावूर री?

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, मागे राजहंसगड.)

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर. घराघरांत मराठी, पण गावाच्या नावाचं शेपूट कन्नड. 'ऊर' म्हणजे गाव. तमिळ, तेलुगूतही तेच. बाजारात बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "यावूर री?" गाव कुठलं तुमचं? मराठी माणूस न अडखळता सांगतो. लेकीच्या पाठवणीला त्याचाच ऊर भरून येतो, तेव्हा मात्र गोष्ट छातीची असते.

हा ऊर संस्कृत 'उरस्'मधून आलेला. कानाला दोन्ही सारखेच, पण प्रत्यय लागला की सोंग उघडं पडतं. लेकराला आपण 'उराशी' धरतो. कन्नड माणूस 'ऊरिगे', म्हणजे गावाला, निघतो. आपला ऊकार आखडतो, त्यांचा लांबच राहतो.

(दृश्य: खानापूरची पाटी.)

इथेही ऊर ऐकू येतो, पण तो 'पूर'मधला. मूळ संस्कृत 'पुर', नगर. ग्रीक 'पोलिस' याच्याच नात्यातला. आणि हो, ठाण्यातले पोलीसही त्याच घराण्यातले!

अक्का, अण्णा हे शब्द मराठीनं द्राविडी शेजाऱ्यांकडून घेतले, अर्थासकट. ऊरचं तसं नाही. एक स्वर, एक व्यंजन. एवढासा शब्द कुणाच्याही तोंडी आपोआप घडतो.

जर्मनीत 'ऊर' म्हणजे घड्याळ. तो आला लॅटिन 'होरा'वरून, आणि लॅटिननं तो ग्रीककडून घेतलेला. तोच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर भारतातही उतरला. जोशीबुवा होरा मांडतात, तो हाच. म्हणजे जर्मन ऊरचा मराठीतला भाऊबंद आपला ऊर नव्हे, पंचांगवाल्यांचा होरा! उच्चारावरून सोयरीक जुळवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क बोलतात. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. तिथे 'उर' म्हणजे पाणी.

हंगेरियनमध्ये 'ऊर' म्हणजे साहेब, आणि तो आडनावानंतर लागतो. 'कोवाच' म्हणजे लोहार. 'कोवाच ऊर' म्हणजे आपले लोहारसाहेब. बेळगावच्या कंडक्टरला हे नाव सांगून पाहा, तो विचारेल, "किती तिकिटं?"