ग्वेन स्टेसी गेली ती रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

कॉमिकमध्ये गोष्टीचं नाव पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत असतं. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१व्या अंकात ते तिथे नाही. नाव आत्ताच सांगत नाही, शेवटी कळेल, एवढंच तिथे म्हटलंय. मुखपृष्ठावर स्पायडर-मॅन, आणि त्याच्या ओळखीपाळखीच्या माणसांचे चेहरे. यांतलं कुणीतरी मरणार आहे आणि आपण त्याला वाचवू शकणार नाही, असं तो सांगतोय. अंकावर महिना जून १९७३चा छापलाय, पण अमेरिकेतल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तो मार्चमध्येच विक्रीला आला होता. किंमत २० सेंट. शेवटच्या पानावर जे नाव येतं ते साधारण असं: ग्वेन स्टेसी गेली ती रात्र.

ग्वेन ही पीटर पार्करची, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनची, प्रेयसी. कॉलेजातली मैत्रीण म्हणून ती डिसेंबर १९६५च्या ३१व्या अंकात आली. तिचे वडील, पोलीस कॅप्टन जॉर्ज स्टेसी, ९०व्या अंकात एका लहान मुलाला वाचवताना ढिगाऱ्याखाली गेले. म्हणजे मरण या मालिकेत नवीन नव्हतं. पण नायकाची प्रेयसी सहसा मरत नसे. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ वाचलेल्यांना हा हिशोब ठाऊक आहे: त्याची प्रेयसी डायना संकटात सापडायची आणि सुटायची, आणि १९७७ साली तर त्यांचं रीतसर लग्नही झालं.

मग ग्वेनच का? स्पायडर-मॅनचे एक जनक स्टॅन ली तोवर लेखनातून बाजूला होऊन, ही कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचे प्रकाशक झाले होते. मालिका १११व्या अंकापासून लेखक जेरी कॉनवे यांच्याकडे आली. हा अंक निघाला तेव्हा ते जेमतेम वीस वर्षांचे होते. आधी बेत होता पीटरच्या मे काकूला मारण्याचा. चित्रकार जॉन रोमिटा यांनी त्याला हरकत घेतली. म्हातारी काकू गेली तर वाचक हळहळतील आणि पुढच्या महिन्यात विसरतील, असं त्यांचं मत. त्यांच्या डोक्यात होती १९४१ सालची एक वृत्तपत्रीय चित्रमालिका. मिल्टन कॅनिफ यांनी त्यात रेव्हन शर्मन नावाच्या नायिकेला मारलं होतं आणि वाचकांनी ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं होतं. कॉनवेंना ग्वेन तशीही फिकी वाटायची, पीटरची दुसरी मैत्रीण मेरी जेन जास्त जिवंत. शिवाय पीटर-ग्वेनचं प्रकरण आता लग्नाशिवाय पुढे सरकत नव्हतं, आणि संसारी, बायकोवाला स्पायडर-मॅन कुणालाच नको होता. थोडक्यात, ग्वेन मेली ती गोष्टीतली जागा अडवून बसली म्हणून. हे कारण उमदं नाही, पण खरं आहे.

गोष्टीची जुळणी मात्र पक्की आहे. हल्क या अचाट ताकदीच्या पात्राच्या भानगडीत कॅनडाला जाऊन आलेला पीटर तापाने फणफणलाय. त्याचा मित्र हॅरी ऑसबॉर्न एलएसडी हे नशेचं द्रव्य घेऊन अंथरुणाला खिळलाय. हॅरीचा बाप नॉर्मन आपणच स्पायडर-मॅनचा वैरी ग्रीन गॉब्लिन होतो हे विसरलेला असतो. धंद्यातलं नुकसान आणि मुलाची अवस्था या दोन्हींनी त्याचं डोकं फिरतं आणि सगळं आठवतं. पीटर म्हणजेच स्पायडर-मॅन, हेही. तो ग्वेनला उचलून थेट पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवतो.

आता हा पूल कोणता? मजकुरात नाव आहे जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचं. चित्रातला मनोरा मात्र ब्रुकलिन पुलाचा दिसतो. न्यूयॉर्कच्या माणसाला हे चटकन खटकतं, कारण वॉशिंग्टन पुलाचे मनोरे म्हणजे पोलादाचा उघडा सांगाडा आणि ब्रुकलिनचे दगडी, टोकदार कमानींचे. पुढच्या काही पुनर्मुद्रणांत मजकुरातलं नाव बदलून ब्रुकलिन केलंय. हा फरक नुसता भूगोलाचा नाही. वॉशिंग्टन पुलाचा मनोरा पाण्यापासून ६०४ फूट उंच, ब्रुकलिनचा सुमारे २७६. पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत एवढ्या फरकाने गणित बदलतं.

गॉब्लिन आपल्या ग्लायडरवरून, म्हणजे उडत्या वाहनावरून, झेप घेतो, त्या धडकेने ग्वेन मनोऱ्यावरून खाली फेकली जाते. स्पायडर-मॅन जाळ्याचा धागा सोडतो, तो तिच्या पायांना चिकटतो आणि ती अधांतरी थांबते. त्या चौकटीत तिच्या मानेशेजारी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय: 'स्नॅप!' सुकी काटकी मोडावी तसा. स्पायडर-मॅनला तो ऐकू येत नाही. तो तिला वर ओढतो आणि ओढता ओढता स्वतःच्याच कर्तबगारीवर खूश होऊन बडबडत राहतो. मग तिला हातांत घेतो, उठ म्हणतो, मी वाचवलं ना तुला म्हणतो. गॉब्लिन वरून हसतो: जाळं पोचायच्या आधीच ती मेली होती, एवढ्या उंचीवरून पडणारं कुणीही जमिनीला टेकण्याआधीच मरतं.

हा आवाज पानावर कसा आला, ते समजून घ्यायला मार्व्हलची तेव्हाची कामाची पद्धत बघावी लागते. लेखक आधी फक्त कथानक द्यायचा. त्यावरून चित्रकार, इथे गिल केन, पेन्सिलीने पानं काढायचा. संवाद, निवेदन आणि आवाजाचे शब्द लेखक त्या पानांवर नंतर लिहायचा. मग अक्षरं, मग शाई, शेवटी रंग. म्हणजे ग्वेनची मागे झुकलेली मान केन यांनी काढून झाली होती, आणि 'स्नॅप' कॉनवेंनी नंतर घातलं. तेवढा शब्द काढला तर दोष पूर्ण गॉब्लिनचा. तो ठेवला की अर्धा दोष नायकाकडे येतो. एवढ्याशा अक्षरांवर अख्ख्या मालिकेचा तोल बदललेला दुसरा अंक दाखवणं अवघड आहे.

गॉब्लिनचं म्हणणं तपासायला सोपं आहे. विमानातून उडी मारणारे ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने पडतात, आणि छत्री उघडल्यावर हसत खाली उतरतात. पडण्याने माणूस मरत नाही. मरतो तो थांबण्याने.

मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी या प्रसंगाचं गणित मांडलं. ३०० फूट पडणं धरलं तर वेग होतो ताशी सुमारे १५० किलोमीटर. अर्ध्या सेकंदात थांबवायचं तर शरीरावर वजनाच्या जवळजवळ दहापट जोर येतो. यात एक गंमत लक्षात घ्या: ब्रुकलिनच्या मनोऱ्यावरून ३०० फूट पडायला जागाच नाही! पण हिशोब घरी करायचा तर त्याहून सोपी युक्ती आहे. जितकी उंची पडलो तिला थांबायला मिळालेल्या अंतराने भागा. उत्तर आलं तितके जी, म्हणजे तितकेपट गुरुत्व. समजा ग्वेन ६० मीटर पडली आणि धागा ताणून २ मीटरांत थांबली. ६० भागिले २, म्हणजे ३० जी. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. धड पायांकडून अडवलं जातं, डोकं मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ बघतं, आणि त्याला धरून ठेवायला एकटी मान. तिच्यावर दीडशे किलोचा हिसका बसतो, तोही बेशुद्ध माणसाच्या, स्नायू ढिले पडलेल्या मानेवर. तेच थांबायला २० मीटर मिळाले असते तर ३ जी, म्हणजे बहुधा वाचली असती. त्यासाठी धागा खूप ताणला जायला हवा होता. नाहीतर स्पायडर-मॅनने तिच्यामागे उडी घेऊन, तिला आधी कवेत घेऊन, मग झोका देत वेग हळूहळू मारायला हवा होता. झोका घेणं हे तर त्याचं रोजचं काम.

वाचकांच्या पत्रांचा मारा झाला. १२५व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी कबूल केलं की जाळ्याने अचानक थांबवल्यामुळे बसलेल्या हिसक्यानेच ती गेली. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ती वाचली नसती, असंही जोडून दिलं. हे दुसरं वाक्य निव्वळ सांत्वन आहे. वरचं गणित बघितलं की ते टिकत नाही.

एक उणीव मात्र झाकू नये. पुलावर आणल्यापासून ग्वेन एक शब्द बोलत नाही, डोळे उघडत नाही. तिच्याच मरणाच्या अंकात तिला भूमिका नाही. दुःख सगळं पीटरचं. पुढे असंख्य लेखकांनी हाच कित्ता गिरवला, नायकाला पेटवायचं म्हणून बाईला मारायचं, आणि बहुतेकांनी कॉनवेंच्या अर्ध्यानेही कौशल्य दाखवलं नाही.

१२२व्या अंकात गॉब्लिन स्वतःच्याच ग्लायडरचं टोक छातीत घुसून मरतो. पीटर त्याला मारत नाही, आणि तो मेल्यावर पीटरला बरंही वाटत नाही. शेवटच्या पानावर मेरी जेन सांत्वनाला येते. तो तिला नको ते बोलतो: तुझी स्वतःची आई मेली तरी तुला काही वाटणार नाही. ती रडवेली होऊन दारापर्यंत जाते, थबकते, आणि दार आतून लावून घेते. तोवर उडाणटप्पू वाटणारी ही मुलगी शब्द न बोलता मोठी झालेली दिसते.

ग्वेनला परत आणा, हा तगादा थांबला नाही. म्हणून १९७५ साली १४४व्या अंकात ती दारात उभी राहिली, पण ती निघाली प्रयोगशाळेत वाढवलेली प्रतिकृती, आणि १४९व्या अंकात निघून गेली. गॉब्लिनला १९९६ साली जिवंत करण्यात आलं. मूळ ग्वेन मात्र दशकानुदशकं मेलेलीच राहिली. ज्या धंद्यात मेलेले पात्र दोन-चार वर्षांत परततात, तिथे ही फार मोठी शिस्त म्हणायची.

वाचायला घेणार असाल तर थेट १२१पासून सुरुवात करू नका. आधी ९०वा अंक घ्या, मग हॅरीच्या व्यसनाचे ९६ ते ९८, आणि मग १२१ व १२२ एका बैठकीत. आणि जाळ्याच्या त्या चौकटीत आधी संवाद न वाचता नुसती मान बघा; केन यांनी ती अक्षरं पडायच्या आधीच काय सांगून ठेवलंय, ते दिसेल. नमस्कार.