आगेराच्या लोंब्या कुठून येतात?

(दुबईत झालेल्या मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

मी ठाण्याची. आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक पॅरिशमधल्या, युवक-युवतींसोबत काम करते. ख्रिस्ती तरुण आणि हवामान न्याय या विषयावर बोला, असं मंडळानं सांगितलं. हवामान बिघडवण्यात ज्यांचा हात सगळ्यांत कमी, त्यांनाच त्याची झळ जास्त बसते; हा अन्याय दूर करणं म्हणजे हवामान न्याय. माझं म्हणणं एकच आहे. मुलांना सृष्टीची काळजी शिकवायची असेल, तर सुरुवात रोपापासून करू नका. ज्याला झळ बसली त्या माणसापासून करा. 5 जूनला, पर्यावरण दिनी, लावलेल्या रोपाकडे दिवाळीपर्यंत कुणी फिरकत नाही, कारण त्या रोपाशी नातंच जडलेलं नसतं. माणसाशी जडतं.

16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला आणि उष्माघातानं 14 माणसं गेली. त्यानंतर बरोबर एक वर्षानं, 16 एप्रिल 2024 ला, तुमच्या या वाळवंटात पाऊस कोसळला आणि रस्त्यांच्या नद्या झाल्या. या दोन्ही गोष्टी मी आमच्या मुलांसमोर ठेवते आणि विचारते, दोन्हीकडे सगळ्यांत आधी कोण सापडलं? उत्तर त्यांचं तेच देतात.

इथे अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची कामं बंद ठेवावी लागतात. आमच्याकडे उष्णतेच्या लाटेत सल्ले निघतात. पण घोडबंदर रोडवर स्लॅब भरणारा मजूर दुपारी सावलीत बसला, तर त्याला रोजावर पाणी सोडावं लागतं. म्हणून मी मुलांना सांगते की हे आपल्या आवारापासून सुरू करू. चर्चचं बांधकाम निघालं तर कंत्राटातच लिहून घ्यायचं: उन्हाळ्यात दुपारची सुट्टी आणि रोज पूर्ण. पॅरिश कौन्सिलपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, हे मांडायला तरुणच हवेत. त्यांनी मांडलं की वडीलधारे ऐकतात.

दुसरी जागा म्हणजे खाडी. ठाणे खाडीतलं सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तुमच्या दुबईतल्या रस अल खोर या पाणथळ जागेसारखेच आमच्याकडेही हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. मुलं येतात, मोबाइलमध्ये पक्षी टिपतात आणि निघतात. पण चेंदणी, दिवा, सारसोळे इथल्या कोळीवाड्यांत एखाद्या आजीजवळ बसा. जिताडा, बोयटं, निवट्या, चिंबोऱ्या, कुठल्या भरतीला काय मिळायचं ते ती बोटांवर मोजून सांगेल. शहरांचं सांडपाणी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची रसायनं आणि वर्षानुवर्षांचा भराव यांनी ते ताट आटलं. खारफुटीच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, तिथला चिखल कार्बन धरून ठेवतो आणि भरतीचा जोर मोडतो. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही बजावलं की खारफुटी तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला. आता सांगा, त्या आजीनं किती धूर सोडला? ना विमान, ना एसी. आणि वाढत्या समुद्राच्या तोंडाशी घर कुणाचं? तिचंच. हवामान न्याय म्हणजे काय, हे मुलांना त्या ओट्यावर जेवढं कळतं तेवढं कुठल्याही स्लाइड-शोमधून कळत नाही.

काही ज्येष्ठ मला विचारतात, हे राजकारण चर्चमध्ये कशाला? त्यांना मी बायबलमधलं लेवीय पुस्तक उघडून दाखवते. शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. जमिनीचा कायदा आणि गरिबाचा कायदा तिथं एकाच देवाच्या तोंडून येतो. बायबलमधल्याच रोमकरांस पत्रात संत पौल सबंध सृष्टी कण्हते आहे असं लिहितो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितलं, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

आणि आमच्या ठाण्याचा तर यावर खास हक्क आहे. सृष्टीला भाऊ-बहीण मानणारे असिसीचे संत फ्रान्सिस 1226 मध्ये वारले. शंभर वर्षंही झाली नव्हती, तेव्हा 1321 मध्ये त्यांच्या संघाचे चार संन्यासी ठाण्यात हुतात्मे झाले. त्यांच्या एका सोबत्याच्या, डॉमिनिकन या दुसऱ्या संघातल्या संन्याशाच्या, पत्रांतून ती हकिगत युरोपात पोचली. पुढे 1979 मध्ये याच संत फ्रान्सिसना पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केलं. हे ऐकताना आमची मुलं ताठ बसतात. हा विषय परदेशातून आलेला नाही, आपल्या गावच्या मातीत पूर्वीपासून आहे, हे त्यांना जाणवतं.

जगभरातली चर्चेस 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीकाळ, म्हणजे सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ, पाळतात. त्याच्या आगेमागेच, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आमच्या ईस्ट इंडियन समाजात, म्हणजे मुंबई-ठाणे-वसई भागातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजात, आगेरा हा सुगीचा सण येतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी नेतात, फादर आशीर्वाद देतात, घरोघरी लोंब्या जातात. पण शेतं उरली नाहीत तिथं या लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. म्हणून आगेराच्या आधी मुलांना एवढंच काम द्या: यंदाच्या लोंब्या कुठून आल्या ते शोधून काढा. माग काढत ती शेतकऱ्याच्या बांधावर पोचतात. उभ्या पिकावर परतीचा पाऊस कोसळला की काय होतं, खारबांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की किती हंगाम जातात, हे ती तिथं ऐकतात. मग मिस्सातल्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतल्या, प्रार्थना मुलं स्वतः लिहितात आणि त्यांत शेतकऱ्याचं सुखदुःख येतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याला माहीत आहेत ते 2020 च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. पण वसईचा हिरवा पट्टा आणि तिथलं पाणी वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला होता, आणि त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. हे तुमच्या मुलांना नक्की सांगा. 2024 मध्ये ते गेले. त्यांचं काम कुणी पुढे न्यायचं, हा प्रश्न आजच्या विशीतल्या मुलांपुढे आहे.

माझी विनंती साधी आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तुमची मुलं आजी-आजोबांकडे येतील, तेव्हा त्यांची एक सकाळ आमच्या गटाला द्या. कुठल्याही धर्माची असोत. ऐरोलीला खाडीवर जाऊ, मग कोळीवाड्यात जाऊ, आणि तिथल्याच एका घरी पैसे देऊन जेवू. तोवर मुलांचा मराठी बोलण्याचा थोडा सराव मात्र करून घ्या. आजी आपल्या बोलीतच बोलतील आणि उलट प्रश्नही विचारतील.